दोन साडू, एक मंजूर तंबू

माझ्या हातात जात्याच कसब आहे. ही बढाई नाही. बढाई मारायला वेळ लागतो, आणि माझा सगळा वेळ वस्तू दुरुस्त करण्यात जातो. घरात काहीही बिघडू द्या, मी कारागिराला बोलवत नाही. मिक्सर खडखडत होता, मी उघडला. आता तो अजिबात आवाज करत नाही. भिंतीवरचं घड्याळ रोज दहा मिनिटं मागे पडायचं, त्यालाही मी हात लावला. त्या दिवसापासून ते एक मिनिटही मागे पडलेलं नाही. पुढेही गेलेलं नाही. बायको म्हणते, तुम्ही शिकारीला गेला असतात तर नाव काढलं असतंत, तुमच्या हातून जिवंत काही सुटतच नाही. बायकांना कसबाची कदर नसते. निदान नवऱ्याच्या कसबाची नसते. साडूच्या कसबाची असते, आणि ती किती असते तेच सांगायचंय.

साडू हे नातंच विचित्र. भाऊ म्हणावा तर भाऊ नाही, मित्र म्हणावा तर आपण निवडलेला नाही. एकाच सासऱ्याने दोघांना पसंत केलं, एवढाच काय तो संबंध. त्यातही दुसऱ्या वेळी सासरा अनुभवाने शहाणा झालेला असतो. माझा साडू दातांचा डॉक्टर आहे. या धंद्यात समोरच्याचं तोंड उघडं असतं पण त्याला बोलता येत नाही, त्यामुळे हा माणूस दिवसभर एकटा बोलतो आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे येऊनही तीच अपेक्षा ठेवतो. माझी बायको ती पूर्ण करते. ती त्याला 'भाऊजी' म्हणते ना, तेव्हा त्या 'भाऊजी'त साखर विरघळलेली असते. मला ती 'अहो' म्हणते तेव्हा त्यात 'गॅस बंद केलात का?' एवढंच असतं.

तर एका रविवारी साडू आणि मेहुणी आले. साडू नुकताच डोंगरात जाऊन आला होता. थंडीत. एकटा. पाठीवर सॅक टाकून. आणि रात्रभर तंबूत राहिला होता.

"तंबू विकत घेतला असेल," मी म्हणालो.

"छे हो दादा! स्वतः केला. घरी."

"स्वतः?" बायको म्हणाली.

"स्वतः शिवला?" बायको पुन्हा म्हणाली.

"म्हणजे मशीनवर बसून, स्वतः?" बायको तिसऱ्यांदा म्हणाली. बावीस वर्षांच्या संसारात तिने मला एकच प्रश्न तीनदा विचारलाय, आणि तो गॅसचाच.

मग साडूने मोबाईल काढला. त्रेचाळीस फोटो. निळा तंबू समोरून, निळा तंबू मागून, तंबूच्या दारात साडू, साडूच्या पाठीमागे सूर्य. मग त्याने त्यातलं शास्त्र समजावलं. तंबू मागे उतरता. आतून चंदेरी अस्तर, गाडीच्या काचेला ऊन लागू नये म्हणून लावतात तसलं. पुढे पडदा, पण कापडाचा नाही, आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकचा. त्या पडद्यासमोर, सहा हातांवर, शेकोटी. शेकोटीची ऊब प्लास्टिकमधून आत शिरते, मागच्या अस्तरावर आपटते आणि परत आपल्या अंगावर येते. बाहेर बर्फासारखी थंडी आणि आत साहेब बनियनवर.

"स्वेटर काढायला लागला हो ताई!"

"अगं बाई!" माझी बायको म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. पण ते बघणं असं होतं, की मी बावीस वर्षं स्वेटर घालून बसलोय हा माझा दोष आहे.

अशा वेळी शहाणा माणूस चहा पितो. माझा चहा संपलेला होता.

"त्यात काय विशेष?" मी म्हणालो. "मीही करतोय की एक."

सर्वांत जास्त आश्चर्य मला वाटलं.

"कधीपासून?" बायको.

"झाला महिना."

"कुठाय?"

"सध्या नकाशाच्या पातळीवर आहे."

साडूला वाईट वाटायला हवं होतं. तो उठून उभा राहिला आणि त्याने माझा हात हातात घेतला. "वा दादा! मग पुढच्या महिन्यात चौघं जाऊ. दोन तंबू शेजारी शेजारी!"

मेहुणीने टाळी वाजवली. "आणि ताई, आपण दोघी काय करू सांगू? दोन्ही तंबूंत बसून बघू. ज्याचा जास्त ऊबदार, त्याच्यात आपण दोघी झोपायचं. दुसऱ्यात हे दोघं."

"चालेल," माझी बायको म्हणाली. आणि विचार न करता म्हणाली, हे मला लागलं.

म्हणजे बघा, प्रश्न तंबूचा राहिलाच नाही. माझी लग्नाची बायको थंडीत कोणाच्या तंबूत झोपणार, असा तो प्रश्न झाला.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून आलो आणि बायकोचं शिलाई मशीन बाहेर काढलं. तालीम म्हणून एक जुनी चादर घेतली. शिवणं अवघड नसतं. पायाने दाबायचं आणि हाताने सरकवायचं. मी दोन तास दाबत आणि सरकवत होतो. तंबू चारी बाजूंनी घट्ट शिवून झाला, तेव्हा लक्षात आलं की दार ठेवायचं राहिलंय. उठायला गेलो तर तंबूही माझ्याबरोबर उठला. माझ्या सदऱ्याचं मागचं टोक त्याच्यात शिवलं गेलं होतं.

बायकोने कात्रीने मला सोडवलं. फक्त म्हणाली, "भाऊजींनी कसं केलं असेल हो?"

मी ठरवलं, शिवण हा गौण भाग आहे. खरी गोष्ट म्हणजे शास्त्र. ऊब आत कशी शिरते हे एकदा बघून घेतलं की झालं. मग मी बायकोने नीट उसवून दिलेली ती चादर घेऊन गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीला एक टोक बांधलं, कपड्याच्या दोरीला दुसरं. पुढे पॅकिंगचं प्लास्टिक लावलं. समोर एका घमेल्यात जुन्या खुर्चीचे पाय पेटवले.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांना सगळे वेधशाळा म्हणतात, कारण ते कुठल्याही गोष्टीवर आधी वाऱ्याची दिशा सांगतात. ते लगेच वर आले.

"वारा समोरून आहे," ते म्हणाले. "शेकोटीकडून. तोंड फिरवा."

"माझं?"

"तंबूचं. आणि घमेलं एवढं जवळ नको. आणि ही खुर्चीची लाकडं पॉलिशची आहेत, धूर काळा येईल. आणि चादर सुती आहे. आणि हे तुम्ही का करताय?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लांब होतं. "वैज्ञानिक कारणं आहेत," मी म्हणालो.

"असं? मग चालू द्या." आणि ते टाकीवर टेकून बसले. लोकांच्या कामात माणूस किती रस घेऊ शकतो, याला सीमा नाही. मी तंबूत शिरलो. ऊब आली, यात शंका नाही. पण ऊब एकटी येत नाही. ती धुराला घेऊन येते आणि धुराला जागा करून देण्यासाठी स्वतः निघून जाते. मी डोळे चोळत बाहेर आलो, तेव्हा धूर जिन्याने खाली उतरायला लागला होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू घराची कागदपत्रं आणि एक कुंडी छातीशी धरून रस्त्यावर उभ्या होत्या. कुंडीच का, ते मी पुढे कधी विचारलं नाही. इमारतीचे सेक्रेटरी हातात बादली घेऊन धावत वर आले आणि त्यांनी बादली आधी माझ्यावर ओतली, मग घमेल्यावर. क्रम चुकला, असं त्यांनी नंतर मान्य केलं, पण ते नुसतं वरवर.

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली नोटीस लागली. 'काही सभासद गच्चीवर तंबू ठोकणे, शेकोटी करणे व तत्सम प्रकार करीत आहेत. ते त्वरित थांबवावेत.' नाव घातलं नव्हतं, हा सेक्रेटरींचा मोठेपणा. पण मी नोटीस वाचायला थांबलो की माझ्यासाठी वाट सोडून लोक उभे राहायचे. आणि 'तत्सम प्रकार' हे शब्द मला झोंबले. तत्सम प्रकार मी काय केला होता? मला कळेना, पण सगळ्यांना कळलंय असं दिसत होतं.

शेवटी मी बाजारात सीट कव्हरवाल्याकडे गेलो. हा गाडीची सीट कव्हरं शिवतो, ताडपत्र्या शिवतो, जे कापड सुईखालून जाईल ते सगळं शिवतो. मी आडून आडून सुरुवात केली. माझा एक मित्र आहे, त्याला एक हलका तंबू हवाय, मागे उतरता, आतून चंदेरी...

"आणि पुढं प्लास्टिकचा पडदा?" तो म्हणाला. "कळलं साहेब. गेल्या वर्षी शिवलाय एक असाच. एका दातांच्या डॉक्टरांचा."

मी दुकानातल्या स्टुलावर बसलो.

"त्यांनी तुमच्याकडून शिवून घेतला?"

"मग? त्यांना टाका घालता येतो, पण हिरडीला. कापडाला नाही. पण कुणाला बोलू नका हं साहेब. त्यांनी सांगितलंय, कुणाला कळता कामा नये."

त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो लग्नातही झाला नव्हता. डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: रविवारचा चहा, चौघं बसलेले, आणि मी सहज, अगदी सहज म्हणतोय, 'काय डॉक्टर, तुमचा तो सीट कव्हरवाला कसा आहे?' मी हसत हसत दुकानाबाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत गेलो. कोपऱ्यावर हसू थांबलं. कारण बायको लगेच विचारणार, तुम्हाला कसं कळलं?

मी परत दुकानात गेलो.

"मलाही कुणाला कळायला नकोय," मी म्हणालो.

"मित्राला ना साहेब?" तो म्हणाला.

"मित्राला. आणि रंग हिरवा. निळा अजिबात नको."

"हिरवाच देतो," असं तो म्हणाला. छातीवर हात ठेवून म्हणाला.

आता परवानगीचं सांगतो. तो डोंगर राखीव आहे. तिथे तंबू ठोकायचा, शेकोटी करायची तर परवाना लागतो. अर्ज 'तात्पुरती बांधकामे' या विभागाकडे करावा लागतो. आणि तात्पुरती बांधकामे या विभागात, खिडकीजवळच्या टेबलावर, एकोणीस वर्षं मी बसतो.

तुम्ही म्हणाल, मग सोपंच की. तुम्ही कधी सरकारी टेबलामागे बसलेला नाहीत.

पहिला अर्ज आला तो साडूचा. माझ्याच टेबलावर. मी तो तीनदा वाचला. अक्षर सुंदर. नकाशा सुबक, स्वतः काढलेला, हे तरी निश्चित स्वतः. खाली सही. मी लाल पेन उघडलं. माझ्या मनात वैयक्तिक काही नव्हतं. पण नकाशावर उत्तर दिशा दाखवलेली नव्हती, आणि अर्ज दोन प्रतींत हवा तो एकाच प्रतीत होता, आणि 'रचनेचे प्रयोजन' या रकान्यात त्याने 'मजा' असं लिहिलं होतं. 'प्रयोजन अस्पष्ट,' मी लिहिलं, आणि अर्ज परत पाठवला. त्या दुपारी मला डबा फार गोड लागला.

रात्री साडूचा फोन. "दादा, माझा अर्ज परत आला हो. तुमच्याच ऑफिसातून."

"हो का? बघतो हं."

"खाली सहीही तुमचीच आहे."

"मग मी बघितलेलाच आहे," मी म्हणालो. "डॉक्टर, साडू असला म्हणून नियम थोडेच वाकवता येतात? उद्या लोक म्हणतील, नातेवाइकांची कामं करतो."

"अगदी बरोबर दादा. मग तुमच्या परवान्यावरच जाऊ आपण."

माझ्या परवान्यावर! म्हणजे परवाना काढणं आलं. आता स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करता येत नाही. तो शेजारच्या टेबलावर जातो. शेजारच्या टेबलावर एक बाई बसतात. नऊ वर्षांपूर्वी त्या नव्या आल्या, तेव्हा त्यांना काम मी शिकवलं. अर्जात चूक नसेल तर अजून एकदा बघा, चूक असतेच, हे मी शिकवलं. बाई हुशार निघाल्या.

"जिना कुठे दाखवलाय?" त्यांनी विचारलं.

"बाई, तंबू आहे."

"'प्रत्येक रचनेस जाण्यायेण्याचा मार्ग दर्शवावा.' तुमचंच परिपत्रक आहे."

"दार आहे ना. पुढे पडदा."

"मग दार लिहा. आणि शौचालय?"

"डोंगर आहे हो बाई!"

"डोंगर हे शौचालय असं लिहू?"

मी तो अर्ज चार वेळा केला. चौथ्या वेळी बाईंनी विचारलं, "रंग?" मी 'हिरवा' लिहिलं. शेवटी परवाना आला. 'एक तात्पुरती रचना, कापडी.' खाली बारा अटी. त्या सगळ्या मीच बारा वर्षांपूर्वी लिहिलेल्या. वाचताना मला माझ्याच भाषेचं कौतुक वाटलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सीट कव्हरवाल्याने पिशवी हातात दिली. मी आत डोकावलो.

"हा निळा आहे!"

"हिरवं कापड संपलं साहेब. पण काळजी नको, डॉक्टरांच्याच ताग्यातलं उरलं होतं. माल एक नंबर. पिवळी गोटही तीच लावली. माप हाताशी होतंच."

आता काय करणार? रंगवायला वेळ नव्हता. परवान्यावर मात्र मी 'हिरवा' खोडून 'निळा' केलं आणि शेजारी सही केली. खाडाखोडीवर सही हवी, हा नियमही माझाच.

शनिवारी चौघं डोंगरावर पोचलो. चढ मोठा नव्हता, पण माझ्या सॅकला तसं वाटत नव्हतं. वर मोकळं पठार, कडेला झाडं, हवा इतकी गार की बोललेलं वाक्य तोंडासमोर धुरासारखं उभं राहायचं. साडूने त्याची सॅक उघडली. मी माझी उघडली. दोघांनी आपापले तंबू बाहेर काढले आणि उलगडले.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

तोच निळा रंग. तीच पिवळी गोट. त्याच जागी तोच छोटा खिसा. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात टाका जिथे थोडा वाकडा गेला होता, तिथेच दोन्हीकडे वाकडा गेला होता.

"अय्या!" मेहुणी म्हणाली. "दोन्ही सारखेच!"

साडूने घसा साफ केला. "शास्त्र एकच ना. त्यामुळे आकार एकच येतो."

"रंगही शास्त्राने येतो का?" माझी बायको म्हणाली.

"निळा रंग थंडीत चांगला," मी म्हणालो.

"अगदी, अगदी," साडू म्हणाला. पहिल्यांदाच आमचं कुठल्या तरी गोष्टीवर एकमत झालं होतं. पण त्याने मला शिवणीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, आणि मी त्याला विचारला नाही. शेजारी शेजारी खुंट्या ठोकत असताना दोघंही इतके गप्प होतो की बायकांना वाटलं आमचं भांडण झालंय.

मग शेकोट्या. साडूने चार काटक्या रचल्या, एक काडी ओढली, आणि ती पेटली. काही लोकांचं असंच असतं. मी मात्र परवाना बाहेर काढला. अट क्रमांक सात: 'अग्नी प्रज्वलित करण्यापूर्वी रचनेच्या सभोवती दहा फुटांपर्यंत पाणी शिंपडावे.' मी वर येताना दोन कॅन पाणी वाहून आणलं होतं, ते नीट दहा फुटांपर्यंत शिंपडलं. माझं सरपण दहा फुटांच्या आत ठेवलेलं होतं.

"दादा, एवढं पाणी?" साडूने विचारलं.

"तुम्हाला परवाना नाही," मी म्हणालो. "त्यामुळे तुम्हाला अटी लागू नाहीत."

तासाभराने, अंधार पडायच्या सुमाराला, परिस्थिती अशी होती. साडूची शेकोटी सोन्यासारखी जळत होती, पडद्याआड चंदेरी अस्तर लखलखत होतं. माझ्या ओल्या लाकडांतून धूर उठत होता आणि वेधशाळेने सांगितलं असतं त्याप्रमाणे बरोबर तंबूत शिरत होता. मी गुडघ्यांवर बसून फुंकर घालत होतो. फुंकर कमी आणि खोकला जास्त.

बायकांनी परीक्षा घेतली. माझ्या तंबूत बायको डोकं घालून आली आणि लगेच बाहेर पडली. "डोळे गेले हो!" मग दोघी साडूच्या तंबूत शिरल्या. आतून माझ्या बायकोचा आवाज आला, आणि तसा आवाज मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

"आहाहा! काय ऊब आहे गं!"

"ताई, स्वेटर काढ तू."

"काढतेच. मी नाही बाई हलत इथून. ह्यांना सांग, मी इथेच झोपणार."

'ह्यांना' म्हणजे मला. मी हातातला ओला ओंडका धरून उभा होतो. त्या क्षणी मला साडूचा इतका राग आला, की त्याला काही वाईट म्हणायला मला काही सापडेना. तो येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दादा, तुमचाही पेटेल हो." हे तर फारच झालं.

तेवढ्यात टॉर्च हलवत डोंगराचा रखवालदार आला. सत्तरीकडे झुकलेला माणूस, अंगात दोन कोट, हातात काठी.

"परवाना?"

मी परवाना काढून दिला. त्याने टॉर्चच्या उजेडात तो वाचला. कडेची सहीही वाचली. मग वर बघितलं.

"एक रचना लिहिलीय. इथे दोन आहेत."

"एकच कुटुंब आहे हो," साडू म्हणाला.

"कुटुंब एक असेल. तंबू दोन आहेत. एक काढायचा. आत्ता. शेकोटी विझवायची." त्याने काठी टेकली. "ज्याच्या नावावर परवाना, त्याचा तंबू राहणार. अर्जदार कोण?"

"मी."

"मग यातला तुमचा कुठला?"

बायका पडद्यातून डोकी काढून बघत होत्या. डावीकडे माझा तंबू, आत धूर, बाहेर धूर, कोणी नाही. उजवीकडे साडूचा, लखलखता, त्यात माझी बायको, स्वेटरशिवाय. रखवालदार म्हणतो तसं खरं बोललो असतो, तर उजवीकडचा निघाला असता, आणि माझी बायको कायद्याने माझ्या तंबूत आली असती. खोकत. माझ्याकडे तसंच बघत.

"हा," मी उजवीकडे बोट दाखवलं.

साडूचं तोंड उघडं पडलं. पण आवाज आला नाही. त्याच्या खुर्चीतल्या माणसांना काय वाटत असेल, ते त्याला तेव्हा कळलं असेल.

"दादा, पण हा तर..."

"शिवणीवरून ओळखता येतं डॉक्टर," मी म्हणालो, अगदी शांतपणे. "शंका असेल तर शिवणाऱ्याला विचारू. बाजारातच असतो तो."

साडूने माझ्याकडे बघितलं. मी साडूकडे बघितलं. वाकडा टाका दोघांनाही दिसत होता.

"हा दादांचाच," साडू रखवालदाराला म्हणाला. "माझा तो, धुराचा."

"पण मघापासून तुम्ही तिकडे काय करत होतात?" माझ्या बायकोने मला विचारलं.

"डॉक्टरांना मदत. त्यांची लाकडं ओली होती."

ती बाहेर आली. तिने तंबूकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे हा एवढा ऊबदार, तुम्ही केलात? आणि बोलला नाहीत? नुसते तिकडे धुरात बसलात, दुसऱ्याचं करत?"

मी खाली बघितलं. थोरपणाला शब्द लागत नाहीत. तिने तिची शाल काढून माझ्या गळ्याभोवती गुंडाळली. मेहुणी साडूकडे बघत होती आणि ते बघणं मी ओळखलं. माझ्यावर बावीस वर्षं वापरून झालेलं होतं ते.

साडूने डावीकडचा तंबू उतरवायला घेतला. खुंट्या उपटल्या, माझ्या हाताने ठोकलेल्या. मला दया आली, पण बेताची.

"थांबा," बायको म्हणाली. "तुमचा एक फोटो काढते. ह्या तंबूसमोर. अगं, तूही ये बाहेर, आणि भाऊजी, तुम्ही जरा बाजूला व्हा. आणि अहो, ती शेकोटी मोठी दिसू दे ना थोडी. फोटोत येत नाहीये."

फोटोत आलं पाहिजेच. मी साडूच्या ढिगातला सर्वांत मोठा, सर्वांत कोरडा ओंडका उचलला आणि शेकोटीत टाकला. वेधशाळा तिथे असती तर वाऱ्याबद्दल काहीतरी बोलली असती. ठिणग्यांचा लोट उठला. फोटो निघाला. फोटो चांगला आलाय, आजही मोबाईलमध्ये आहे. मी हसतोय, गळ्यात शाल, आणि माझ्या उजव्या खांद्यामागे प्लास्टिकचा पडदा नुकताच पेट घेतोय.

रखवालदाराने काठीने दांड्या ओढून काढल्या. बाकी काही काढण्यासारखं राहिलं नाही. कोणाला इजा झाली नाही. बायकोचा स्वेटर आत होता, तो गेला. रखवालदाराने माझ्या परवान्याच्या मागे लिहिलं, 'मंजूर रचना एक, जळून गेली,' आणि माझी सही घेतली. मग त्याने आम्हा चौघांना त्याच्या चौकीत नेलं आणि चहा दिला. बायको बाकावर माझ्या आणि साडूच्या मध्ये बसली होती, साडूच्या जास्त जवळ.

"भाऊजींचा तरी वाचला," ती म्हणाली.

सकाळी उतरताना साडूने उरलेला तंबू पसरला आणि त्याची घडी घालायला घेतली. एकट्याला ते जमेना, म्हणून पलीकडची दोन टोकं मी धरली. घडी छान बसली. त्याने ती आपल्या सॅकमध्ये भरली आणि आपल्या घरी नेली.